भासऱ्यांच्या हातची चावी

माझं तोंड खराब आहे, हे आधीच सांगून टाकते. अड्याळच्या बाजारात कोणाले विचारा, निर्मला मासोळीवाली कोण, त लोक आधी हसतील अन् मंग बोट दाखवतील. गिऱ्हाईकानं मरळ चिमटून पाहिली अन् नाक मुरडलं का माझं सुरू. "ठेव खाली! बापजन्मी पाहिली होती का एवढी ताजी मासोळी?" मास्तर असो का तलाठी, मी कोणाले सोडत नाही.

पण याच तोंडानं मी माझ्या भासऱ्यांसंग तेवीस वर्षांत एक शब्द बोलली नाही. भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, केवळराम. भांडण नव्हतं बाप्पा! आमच्याकडे रीतच आहे. भासरे समोर आले का डोक्यावर पदर, नजर खाली अन् तोंड बंद. त्याईच्या हातात काही द्यायचं नाही. पाण्याचा गिलास असो का विळा, भुईवर ठेवायचा, दोन पावलं मागं सरकायचं, मंग ते उचलतील. काही सांगायचंच असलं त जाऊबाईच्या मार्फत, शकुनबाईच्या. एकाच आंगणात दोन चुली, अन् तरी त्याईचे डोळे कसे आहेत हे मले धड माहीत नव्हतं. पाय मात्र पाठ होते. डाव्या पायाचा आंगठा मुडपलेला, टाच पाण्यानं नेहमी फुगलेली.

माझी पोरगी गुंजन भंडाऱ्याले नर्सिंगचं शिकते. ती म्हणते, "आई, हे काय नाटक लावलं तुम्ही?" नाटक असेल. पण माझा नवरा गेला तेव्हा ह्याच माणसानं माझ्या दारासमोर कधी उपाशी सांज होऊ दिली नाही. रोज वाट्याची मासोळी आणून उंबऱ्यावर ठेवायचे, खाकरायचे अन् निघून जायचे. ते खाकरणं ऐकलं का मले धीर यायचा.

आज ते जेलात आहेत. दहा वर्षांसाठी. ते कसे गेले हे गावाले अर्धंच माहीत आहे. पुरं मलेच माहीत आहे.

आमची मासेमारांची सोसायटी आहे, गावचा मोठा तलाव आमच्याकडे. भासरे पंधरा वर्षांपासून अध्यक्ष. सही करता येते, तेवढंच शिक्षण. पण जाळं कुठं टाकायचं हे पाण्याकडं पाहून सांगतील असा माणूस. मधात सरकारचा नियम आला का कमिटीत बाई पाहिजे. झालं, मले सचिव केलं. सचिव म्हणजे काय? त शेडची चावी सांभाळायची. लिहाय-वाचायचं काम पंचायतीतला पोट्टा करून द्यायचा.

शेड तलावाच्या पाळीवर, बांधावर, आहे, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत आमचे बर्फाचे डबे, काटा, जुनी जाळी. मागची खोली मासोळीच्या बियांसाठी, म्हणजे बारीक पिल्लं वाढवायले, बांधली होती, पण बी काही तिथं झालं नाही, खोली ओसाड पडली. बाहेरच्या मोठ्या दाराले एक कुलूप. त्याची एक चावी माझ्या पदराच्या गाठीत राहायची. सकाळी उजाडता उजाडता शेड उघडायचं, डबे काढायचे, बर्फ भरायचा, बाजाराले निघायचं.

तीन वर्षांमागं वीरेंद्र आला. गोरापान, चष्मा, गोड बोलणं, स्वतःचं पिकअप. म्हणे, झिंगे मोठे होयाचं औषध बनवतो, खोली द्या. आंब्याखाली बैठक झाली. माणसं पुढं, मी मागं, पदर घेऊन. भासऱ्यांनी त्याले एकच विचारलं, "आमच्या तलावाले काही होणार नाही ना?"

"काहीच नाही काका. उलट तुमचे झिंगे एवढे एवढे होतील," वीरेंद्रनं हाताचा पंजा दाखवला.

माणसं खुश. मागची खोली त्याले भाड्यानं दिली. त्यानं आतल्या दाराले आपलं कुलूप लावलं. बाहेरच्या दाराची दुसरी चावी बनवून घेतली.

मंग तो माझ्यासंग गोड वागायले लागला. खोटं कायले सांगू? दर बाजाराच्या दिवशी माझी टोपली अन् डबे त्याच्या पिकअपमधी. "काकू, बसा ना पुढं." माझं अर्धं आयुष्य डोक्यावर टोपली घेऊन एस्टीवाल्याच्या शिव्या खाण्यात गेलं, वास येते म्हणून लोक अंग चोरून बसायचे. अन् इथं हा पोट्टा मले काचा लावून पुढच्या सीटवर बसवे. सुख काय असते, ते मले त्या सीटवर समजलं. हेही सांगून टाकते.

वास मले पहिल्या महिन्यातच आला. मासोळीचा वास मी ओळखते, सडकीचाही ओळखते. हा तसला नव्हता. नाकात शिरला का डोळ्यातून पाणी काढे, डोकं धरे. मांजरीनं घरभर मुतावं तसा. मी विचारलं त वीरेंद्र म्हणे, "औषध आहे काकू, औषधाला वास राहणारच."

मंग एक दिवस आतल्या दाराचं कुलूप लावायचं तो विसरला. मी डबा ओढताना दार ढकललं गेलं. आत काचेची भांडी, नळ्या, शेगडी. अन् कोपऱ्यात पोते. एक पोतं फाटलं होतं, त्यातून रिकाम्या पत्त्या बाहेर आल्या होत्या, गोळ्यांच्या, चांदीच्या पत्त्या. मी एक उचलून पाहिली. ह्याच गोळ्या गुंजनसाठी दुकानातून आणते मी, सर्दी झाली का. दोन गोळ्या. इथं पोतेच्या पोते! मी मनात म्हटलं, बाई बाई, एवढी सर्दी कोणाले झाली? झिंग्याईले?

हसू आलं अन् तसंच थांबलं. मी काही एवढी बुद्दू नाही. बाजारात बसणारी बाई आहे. माणूस सांगते काय अन् करते काय, ते मले पहिल्या झटक्यात कळते.

मी दार ओढून घेतलं. पत्ती पदरात बांधली होती, ती रस्त्यात फेकून दिली.

हे भासऱ्यांले सांगायले पाहिजे होतं. त्याच दिवशी. ते कधी शेडात पाय ठेवत नव्हते, त्याईचं सारं काम डोंग्यात अन् पाण्यात. त्याईले ना वास माहीत, ना पोते माहीत. सांगायचं मनात आणून मी दुपारी शकुनबाईकडं गेली बी. ती आंगणात धान पाखडत होती. मी म्हटलं, "बाई, भाऊजीले सांगजा, ते शेड..."

"काय झालं शेडाले?"

तेवढ्यात रस्त्यावर पिकअपचा हॉर्न वाजला. बाजाराचा दिवस होता. मी म्हटलं, "काही नाही, पत्रा गळते थोडा," अन् उठली. पुढच्या सीटवर जाऊन बसली.

पत्रा गळते म्हटल्यावर भासऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी माणूस चढवून पत्रा बसवून घेतला. एक थेंब गळत नव्हता त्यातून.

उन्हाळ्यात मिथुनचं सुरू झालं. मिथुन म्हणजे शेजारच्या सत्यवतीचा पोरगा, चोवीस वर्षांचा, आमच्या गावात त्याच्याएवढं जाळं ओढणारा दुसरा नाही. वीरेंद्रच्या हाताखाली कामाले लागला होता. आधी लोक कौतुक करायचे. दिवसा वीरेंद्रकडं, मंग तलावावर, थकतच नाही लेकाचा! मंग कळलं का तो झोपतही नाही. चार चार दिवस. जेवत नाही. गालाचे खड्डे झाले, दात काळे पडले, हाताची कातडी खाजवून खाजवून सोलली. म्हणे अंगात किडे चालतात. सत्यवती माझ्या दारी येऊन रडली. "निर्मला, तू चार लोकांत वावरते, सांग ना पोट्ट्याले काय झालं?"

मले ठाऊक होतं त्याले काय झालं. मी म्हटलं, "दारू पीत असेल. कमी कर म्हणा."

असं बोलली मी. सत्यवतीच्या तोंडावर.

धान कापणीचे दिवस होते. सकाळी दहाच्या टाईमाले दोन गाड्या पाळीवर आल्या. साहेब, शिपाई, अन् बाहेरून आणलेले दोन पंच. वीरेंद्रले त्याईनं सकाळीच रस्त्यात उचललं होतं, गाडीत मागं बसवून ठेवला होता, मान खाली घालून. आम्ही सारे तिथंच होतो, जाळं काढून वाटे लावून राहिलो होतो. भासरे गुडघ्यापर्यंत चिखलात.

"या शेडचा मालक कोण?" साहेबानं विचारलं.

भासरे वर आले. हात जोडले. "सोसायटीचं आहे साहेब. मी अध्यक्ष."

"चावी आणा."

बस्स, एवढंच. साहेब पाठ फिरवून फोनवर बोलायले लागला. शिपाई मोबाईल काढून व्हिडिओची तयारी करू लागला. कोणाचं आमच्याकडे ध्यान नव्हतं. मी पाच हातावर उभी, चावी माझ्या पदराच्या गाठीत. मी सरळ पुढं होऊन साहेबाच्या हातात चावी देऊ शकली असती. पण भासरे तिथं उभे असताना, अध्यक्ष असताना, मी मधात घुसून परक्या माणसाच्या हातात वस्तू देऊ? असं आमच्यात कोणती बाई करते? भासरे माझ्याकडे न पाहता, शेडाच्या भिंतीकडे पाहून म्हणाले, "चावी लागते म्हणा."

मी गाठ सोडली. चावी त्याईच्या पायासमोर भुईवर ठेवली, मुडपलेल्या आंगठ्यापाशी. दोन पावलं मागं सरकली. त्याईनं वाकून उचलली, ओला हात धोतराले पुसला अन् चावी साहेबापुढं धरली.

व्हिडिओ तिथून सुरू होते. भासऱ्यांच्या हातात चावी, तिथून.

आतलं कुलूप तोडलं. भांडी काढली, डबे काढले, पोते काढले. पांढरे, काचेसारखे खडे निघाले, थैलीच्या थैली. तीन किलोच्या वर भरले. आमच्याच काट्यावर नाही हो, त्याईनं आपला काटा आणला होता. साहेब म्हणे हे मेथ आहे, सर्दीच्या गोळ्याईतून काढलेली नशा, दोन चिमट्या घेतल्या का माणूस कामातून गेला. मले मिथुनचे दात दिसले.

मंग शेडाच्या ओट्यावर बसून पंचनामा लिहिला अन् मोठ्यानं वाचून दाखवला. "सदर शेडची चावी संस्थेचे अध्यक्ष केवळराम यांनी स्वतःजवळून काढून हजर केली." शब्दाले शब्द बरोबर. कोणी खोटं लिहिलं नाही. साहेबानं जे पाहिलं ते लिहिलं. भासऱ्यांनी सही केली, आमच्या गावातल्या साऱ्या माणसांनी पाहिलं, अन् कोणी काही म्हटलं नाही. चावी माझ्याकडे राहाते हे गावातल्या लेकराले माहीत होतं. पण लोकांना वाटलं, चावी देण्यात काय गुन्हा आहे? भल्या माणसानं साहेबाले मदत केली.

त्याईले गाडीत बसवलं तेव्हा त्याईचे पाय ओलेच होते. शकुनबाई चप्पल घेऊन धावली, तेवढ्यात गाडी गेली.

मले वाटलं, सांजेपर्यंत सोडतील. साऱ्याईले तसंच वाटलं.

मंग वकील लावला. प्रतिक्षा मॅडम, भंडाऱ्याच्या, तिशीतली पोरगी, पण कामाची. तिनं आम्हाले समोर बसवून कायदा समजावून सांगितला. "मावशी, हा कायदा बाकीच्या कायद्यांसारखा नाही. चोरीच्या केसमध्ये पोलिसांना सिद्ध करावं लागतं की यानं चोरी केली. इथं जागा ज्याच्या ताब्यात, त्याला माहीत होतं असंच कोर्ट आधी धरून चालतं. माहीत नव्हतं, हे आपण सिद्ध करायचं. आणि माल इतका असला की जामीन जवळपास मिळतच नाही. शिक्षा दहा वर्षांपासून पुढं."

मी भडकलीच. "कोणत्या शहाण्यानं केला हा कायदा? ज्याले माहीत नाही त्यानं कसं सिद्ध करायचं का माहीत नाही? माहीत नसल्याची पावती मिळते का कुठं?"

मॅडम थकल्यासारखी हसली. "केला तो वीरेंद्रसारख्यांसाठी, मावशी. ते नेहमी हेच म्हणतात ना, मला माहीत नव्हतं."

कायद्याले शिव्या घालायले गेली का सत्यवती डोळ्यासमोर येते. मिथुनले नशा सोडवायले नागपूरले नेलं, दोन महिने ठेवलं, परत आणलं. आता ओसरीवर बसून राहाते. जाळं हातात दिलं त बोटात धरून नुसता पाहात राहाते. कडक कायदा नको कसं म्हणू? पाहिजेच. पण तो नेमका आमच्या घरातल्या त्याच माणसाच्या मानेवर बसला ज्यानं शेडात पाय ठेवला नव्हता. जिचे पाय रोज तिथं होते ती बाजारात मासोळी विकून राहिली होती.

जामीन दोनदा नाकारला. पावसाळा गेला, अजून एक पावसाळा गेला. भासरे जेलात, शकुनबाई दर पंधरा दिवसांनी एस्टीनं भेटायले जायची. मी जात नव्हती. मी जाऊन करणार काय? जाळीच्या पलीकडं ते अन् इकडं मी पदर घेऊन?

शेवटी मॅडमनं सारे कागद काढून एकच गोष्ट हेरली. "मावशी, सगळी केस चावीवर उभी आहे. ते आत जात नव्हते, भाड्याचा कागद त्यांच्या नावावर नाही, पैसा त्यांच्याकडे आला नाही. फक्त चावी. ती खरं तर तुमच्याकडे असायची, होय ना?"

"होय."

"हे कोर्टात सांगाल?"

"सांगते म्हणजे! छातीठोक सांगते."

"मग नीट ऐका. तुम्ही असं म्हटलं की सरकारी वकील तुम्हाला धरतील. रोज आत जात होता, मग काय दिसलं, काय वास आला, कोणाला सांगितलं. तुमच्यावरही केस येऊ शकते."

"येऊ द्या," मी म्हटलं. मोठ्या तोंडानं म्हटलं. "मी काय कोणाले भेते का?"

गावात आली अन् साऱ्याईले सांगत सुटली. पुढच्या तारखेले मी उभी राहाते अन् सांगते, चावी माझी होती! थैलीत दोन लुगडी भरली, दंतमंजन, गुंजनचा फोटो. गुंजन रडली, म्हणे मी शिक्षण सोडते. मी तिले ओरडली. निघायच्या दिवशी शकुनबाईनं माझ्या थैलीत मुरमुऱ्याची पुडी टाकली अन् माझ्या पाया पडायले वाकली. मोठी जाऊ, माझ्या पाया! मी तिचे हात धरले. त्या घडीले मले खरंच वाटलं का मी हे करीन.

एस्टीत मात्र मुरमुऱ्याची पुडी मांडीवर घेऊन बसली, उघडली नाही. कोर्ट अजून आलं नव्हतं, पण मॅडमचे ते सवाल एकेक येऊन राहिले होते. काय दिसलं? पोते. काय होतं पोत्यात? कोणाले सांगितलं? कोणालेच नाही. काहून नाही सांगितलं? काय सांगू, साहेब? पुढच्या सीटवर बसायले मिळत होतं म्हणून?

अन् हे सारं भासऱ्यांच्या समोर. त्याईच्या कानावर.

कोर्टात त्याईले आणलं. मी पदर ओढून घेतला, पण आडून पाहिलं. पाय तेच, पण वाळून गेलेले. टाचा पाण्याशिवाय तडकल्या होत्या. जेलात तलाव कुठून येणार?

त्या दिवशी जजसाहेब आरोपीलेच विचारत होते. मॅडमनं त्याईले जेलात जाऊन पढवून ठेवलं होतं काय बोलायचं. चावी सचिव निर्मलाबाईकडे राहात होती, त्या दिवशी तिनं खाली ठेवली, मी फक्त उचलून दिली. एवढंच म्हणायचं होतं. मंग मॅडम मले साक्षीले उभं करणार होती.

जजसाहेबांनी विचारलं, "शेडची चावी तुम्ही स्वतःजवळून काढून दिली, असा पुरावा आला आहे. याबद्दल काय सांगायचं आहे?"

भासरे खाकरले.

"खरं आहे साहेब. चावी माझ्याच जवळ राहात होती."

मॅडम उभीच राहिली. जजसाहेबांनी पुन्हा विचारलं, "सचिव निर्मलाबाई यांच्याकडे नसायची?"

"बाईमाणसाकडं कायले राहीन साहेब? अध्यक्ष मी आहे. मीच ठेवत होतो. तिचा काही संबंध नाही."

त्याईच्या तोंडून माझ्याबद्दल मी पहिल्यांदाच काही ऐकलं. अन् तेच खोटं.

मॅडमनं थोडा वेळ मागून घेतला. माझ्याकडे तरातरा आली, खाली वाकली. "मावशी, अजून काही गेलेलं नाही. ते काही बोलले तरी तुमची साक्ष मी घेऊ शकते. गावातली दोन माणसंही म्हणतील चावी तुमच्याकडे असायची. उभ्या राहा फक्त. राहाल ना?"

आता खरं सांगते. भासऱ्यांचे ते शब्द कानावर पडले अन् माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. हायसं वाटलं मले! तिकडं तो म्हातारा माणूस दहा वर्षं आपल्या मानेवर घेऊन राहिला होता अन् इकडं मले श्वास मोकळा आला. वाटलं, सुटली. आता कोणी पोत्याचं विचारणार नाही. गुंजनचं नाव पुढं करता येते मले, लेकीसाठी चूप राहिली म्हणता येते. पण लेक त्या घडीले मनात नव्हतीच. मी माझ्यासाठी भेली.

मी पदर अजून पुढं ओढला अन् मान हलवली. नाही.

मॅडम पाहातच राहिली. "भासऱ्यांचा शब्द मोडायचा नाही म्हणून?"

मी खाली पाहिलं. होय म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

"ही रीत त्यांची दहा वर्षं खाईल मावशी," ती दातावर दात ठेवून म्हणाली अन् गेली.

तिचा राग खरा होता. फक्त तिले कारण चुकीचं सापडलं होतं, अन् मी ते तिले सापडू दिलं.

निकाल दोन महिन्यांनी लागला. वीरेंद्रले बारा वर्षं, भासऱ्यांले दहा. भासरे सदुसष्ट वर्षांचे आहेत. मॅडम म्हणे अपील करू, नागपूरले करू, पण तिचा आवाजच सांगत होता.

मले वाटलं गाव थुंकेल माझ्यावर. छातीठोक बोलून गेली होती ना! पण कोर्टात गेलेल्या माणसांनी परत येऊन उलटंच सांगितलं. निर्मला तयार होती हो, थैली घेऊन गेली होती. पण केवळरामभाऊनं भर कोर्टात शब्द टाकला, अन् भासऱ्यांचा शब्द तिनं खाली पडू दिला नाही. अशी मर्यादेची बाई राहिली नाही आता. बाजारात मले लोक बसायले जागा देतात. परवा एका सासूनं आपल्या सुनेले माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, पाहून घे, हिले म्हणतात रीत. माझं तोंड, जे कोणाले सोडत नाही, ते तिथं उघडलं नाही.

काल शकुनबाई जेलातून भेटून आली. सरळ माझ्याकडेच आली, आपल्या घरी नाही. थकली होती. मी भात वाढला, मरळीचा रस्सा वाढला. दोन घास खाल्ले अन् हात थांबवून म्हणाली, "तुले निरोप दिला आहे त्याईनं."

इतक्या वर्षांत त्याईनं मले कधी निरोप पाठवला नव्हता. मी पळी खाली ठेवली.

"म्हणे, गुंजनच्या मायले सांगजो, जिवाले काही लावून घेऊ नको. पोलिसाईले वाटते का शेडात जाणाऱ्याले सारं माहीत असते. पण मी ओळखतो तिले. तिले काही माहीत असतं, त तिनं तुझ्या तोंडी मले कधीचंच सांगितलं असतं."

मी ताटात अजून भात वाढला. शकुनबाई म्हणे, पुरे.